गुबार-ए-खातिर : घ्यायची तर मालिक राम यांची आवृत्ती

मौलाना आझादांना 9 ऑगस्ट 1942 ला मुंबईत पकडलं आणि अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं. तिथं मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानींना उद्देशून उर्दूत लिहिलेली, पण तेव्हा टपालात न पडलेली पत्रं म्हणजे मुख्यतः हे पुस्तक (पहिली आवृत्ती 1946).

विकत घेताना साहित्य अकादमीची, मालिक राम यांनी संपादित केलेलीच बघा. पानोपानी फारसी-उर्दू शेर आहेत; ते कुणाचे, हे टिपांतून कळतं. टिपांविना नुसतं नागरी लिप्यंतर घेतलं, तर इजाफतीचा 'ए' (दोन शब्द जोडणारा, 'गुबार-ए-खातिर'मधला) गळालेला असू शकतो. मग शेराचं वजन (म्हणजे वृत्त) जातं नि अर्थही.

पहिल्या पानापासून वाचू नका, भाषा जड आहे, दमछाक होते. चहाच्या पत्रापासून सुरुवात करा : चिनी 'व्हाइट जास्मिन', दूध अजिबात नाही. दूध घातलेल्या चहाला ते पातळ हलवा म्हणतात! (आपल्या अमृततुल्यवाल्यांनी मनावर घेऊ नये.) मग खोलीतल्या चिमण्या. एप्रिल 1943 मधलं, पत्नी जुलेखा बेगम गेल्यानंतरचं पत्र शेवटी ठेवा.

राजकारण मात्र फार सापडणार नाही.