तीन मानके, एकच यंत्रणा: एका आयएसओ सल्लासेवेचे परीक्षण

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील आमच्या फाउंड्रीकडे (धातू वितळवून ओतकाम करणारा कारखाना) गुणवत्तेच्या आयएसओ ९००१ या मानकाचे प्रमाणपत्र बरीच वर्षे होते. ग्राहकांच्या आग्रहावरून पर्यावरणाचे १४००१ आणि कामगारांच्या आरोग्य व सुरक्षिततेचे ४५००१ ही दोन मानके त्यात जोडायचे ठरले, तेव्हा तिन्हींची मिळून एकच व्यवस्थापन प्रणाली उभी करून देणारी सल्लासेवा आम्ही घेतली. अशा सेवा देणारे पुष्कळ आहेत आणि ‘सगळे सोपे करून देतो’ असे प्रत्येकजण सांगतो. म्हणून या सेवेने नेमके काय सोपे केले आणि कशाला हातच लावला नाही, ते सविस्तर लिहीत आहे.

हे एकत्रीकरण शक्य होते, याचे कारण मानकांच्या रचनेतच आहे. व्यवस्थापन मानकांसाठीचा समान आराखडा आयएसओने २०१२ मध्ये ठरवला. पुढे ९००१ आणि १४००१ च्या २०१५ च्या आवृत्त्या व २०१८ चे ४५००१ ही तिन्ही त्याच दहा कलमांच्या साच्यात बसवली गेली. त्यामुळे अंतर्गत ऑडिट, व्यवस्थापन आढावा, दस्तऐवज नियंत्रण आणि प्रशिक्षण यांची कार्यपद्धती तीनदा लिहिण्याचे कारण उरत नाही. मात्र अनेक कारखान्यांत तीन जुन्या फाइली एका कव्हरखाली बांधून त्यालाच एकात्मिक प्रणाली म्हटले जाते. आमच्या सल्लागारांनी तसे केले नाही. २०१५ पासून गुणवत्ता पुस्तिका सक्तीची नाही हे समजावून सांगून त्यांनी आमची जाडजूड पुस्तिका बाजूला ठेवली आणि मोल्डिंगपासून डिस्पॅचपर्यंतचे काम आधी शॉपफ्लोअरवर उभे राहून पाहिले.

या पाहणीचा फायदा लॅडलच्या, म्हणजे वितळलेला धातू नेऊन ओतण्याच्या भांड्याच्या, कामात सर्वांत स्पष्ट दिसला. लॅडलचे अस्तर नीट तापवलेले नसेल आणि त्यात ओल राहिली असेल, तर वितळलेला धातू ओतताच वाफ होऊन तो उसळतो आणि जवळच्या माणसाला भाजते. त्याच ओलीमुळे धातूत वायू मिसळून कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव भागात, छिद्रे पडतात. म्हणजे रिजेक्शन आणि अपघात यांचे मूळ एकच. पूर्वी लॅडल तापवण्याची सूचना गुणवत्तेच्या फाइलीत एका शब्दांत आणि सुरक्षिततेच्या फलकावर दुसऱ्याच शब्दांत होती, आणि ती पाळली गेली की नाही याची नोंद कुठेच होत नव्हती. आता ओतकामासाठी मराठीत एकच पान आहे. धातूचे तापमान, लॅडल तापवल्याची नोंद, अंगावर घालायची साधने आणि स्लॅग (वितळलेल्या धातूवरची मळी) कुठे टाकायचा हे सारे त्यावर कामाच्या क्रमाने येते, आणि पाळी सुरू होताना सुपरवायझर त्यावर सही करतो. एकत्रीकरणाचा अर्थ मला या पानावर खऱ्या अर्थाने कळला.

जे वेगळे राहायला हवे ते त्यांनी वेगळेच ठेवले, हेही तितकेच महत्त्वाचे. पर्यावरणीय परिणामांचा तक्ता आणि कामातील धोक्यांचा तक्ता यांना एकच गुणांकन लावण्याचा आमचा आग्रह त्यांनी मानला नाही. वापरलेल्या वाळूच्या ढिगाचा जमिनीवर होणारा परिणाम आणि त्याच वाळूच्या धुळीचा माणसाच्या फुप्फुसावर होणारा परिणाम एका आकड्यात मावत नाहीत, हे त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटले. कायदेशीर बाबींची नोंदवही मात्र एकच केली. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातील अटी, ३० जूनपर्यंतचे घातक कचऱ्याचे वार्षिक विवरण, ३० सप्टेंबरपर्यंतचे पर्यावरण विवरणपत्र, अशा प्रत्येक नोंदीपुढे जबाबदार व्यक्तीचे नाव आहे.

प्रमाणपत्र देणारी संस्था निवडताना त्यांनी कोणाचीही शिफारस केली नाही, फक्त प्रमाणन संस्थांना मान्यता देणाऱ्या एनएबीसीबीसारख्या मंडळाची मान्यता तपासायला सांगितली. सल्ला देणारा आणि प्रमाणपत्र देणारा एक असता कामा नये, हा प्रमाणन संस्थांसाठीच्या आयएसओ १७०२१-१ चाच नियम आहे. ‘दोन्ही आम्हीच करून देतो’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहावे. प्रणाली खरोखर एकत्र झालेली असेल, तर आयएएफ या आंतरराष्ट्रीय मान्यता मंचाच्या एमडी ११ या दस्तऐवजानुसार तिन्ही ऑडिटच्या एकूण वेळेत जास्तीत जास्त २० टक्के कपात मिळू शकते. जाहिरातीत सांगितली जाणारी ‘निम्म्या खर्चाची’ बचत त्यामुळे ऑडिटच्या दिवसांतून तरी निघणार नाही.

उणिवा दोन आहेत आणि त्यांतली पहिली गंभीर आहे. ४५००१ च्या ५.४ या कलमात कामगारांशी सल्लामसलत आणि त्यांचा सहभाग अपेक्षित आहे. सल्लागारांनी त्यासाठी एक सूचनापत्र तयार करून सर्वांच्या सह्या घेतल्या, आणि दुसऱ्या टप्प्याच्या ऑडिटमध्ये नेमकी त्यावरच एनसी (मानकाची अट पाळली नसल्याची नोंद) आली. त्यानंतर फेटलिंगच्या (कास्टिंग घासून साफ करण्याच्या) कंत्राटी कामगारांशी बसून बोलल्यावर समजले, की मोठे कास्टिंग फिरवताना धूळ ओढणारा हूड आड येतो, म्हणून तो रोज बाजूला सारला जातो. धोक्यांच्या तक्त्यात तो हूड ‘नियंत्रण आहे’ म्हणून नोंदवलेला होता. सिलिकाच्या धुळीत दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसांना हे आधी विचारायला हवे होते.

दुसरी उणीव या मानकांतील फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीविषयी आहे. हवामान बदलाचा विचार करा असे मानक सांगते, तेथे त्यांनी कोणत्याही कारखान्याला चालेल असे ठोकळेबाज वाक्य घातले. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. कच्चा माल अडकणे, कामगारांची ये-जा आणि चालू भट्टी सुरक्षितपणे थांबवणे हे मुद्दे नंतर आम्ही स्वतः लिहिले.

वाहन उद्योगाला थेट माल देणाऱ्या कारखान्यांनी करार करण्यापूर्वी आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाविषयी स्पष्ट विचारून घ्यावे. त्याची प्रमाणपत्रे आयएटीएफने मान्य केलेल्या संस्थाच देतात, ऑडिटचे नियमही निराळे आहेत, आणि ते काम या सेवेच्या व्याप्तीत येत नाही.