कार्नी की फ्रीलंड: एका दुकानदाराचा पसंतीक्रम

मार्च २०२५ चे पहिले दिवस. कॅनडाच्या सत्ताधारी लिबरल पक्षाचा नवा नेता निवडायचं मतदान चालू आहे, आणि चर्चा आहे ती बँक ऑफ कॅनडाचे माजी गव्हर्नर मार्क कार्नी आणि माजी अर्थमंत्री क्रिस्टिया फ्रीलंड यांची. गेला आठवडाभर दुकानात येणारा दर तिसरा माणूस काउंटरवर कोपर टेकून एकच विचारतोय, "काय, कार्नी की फ्रीलंड?" लिबरल पक्षाचं सभासदत्व फुकट असल्यामुळे टोरांटोजवळच्या आमच्या मिसिसागाच्या मराठी मंडळींत बऱ्याच जणांनी २७ जानेवारीच्या आत नाव नोंदवून टाकलं आणि आता मत द्यायची वेळ आली तर डोकं खाजवत बसलेत. मी मत देऊन मोकळा झालोय. प्रत्येकाला वाणसामान मोजता मोजता तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढतो.

पंतप्रधान ट्रुडोंनी ६ जानेवारीला पद सोडून जायचं जाहीर केलं, जो निवडून येईल तो पक्षाचा नेता आणि पाठोपाठ देशाचा पंतप्रधान, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मत मात्र एकाच नावावर फुली मारून द्यायचं नाही, पसंतीक्रम लावायचाय. गावाकडे पदवीधर मतदारसंघात कधी मत दिलं असेल तर हे नवीन वाटणार नाही. शेवटचा बाद होतो, त्याची मतं दुसऱ्या पसंतीकडे जातात, कुणीतरी निम्म्याच्या वर जाईपर्यंत हे चालतं. शिवाय ३४३ मतदारसंघांना प्रत्येकी १०० गुण, तिथे सभासद पन्नास असोत की पाच हजार. म्हणजे आमच्या इथल्या गर्दीतल्या मतापेक्षा अल्बर्टा प्रांतातल्या एखाद्या एकट्या पडलेल्या लिबरलचं मत जड. असो, आपल्या हातात तो भाग नाही.

उमेदवार चार, पण लोक विचारतात दोघांबद्दलच. आणि हे दोघे कागदावर इतके सारखे की भाऊबहीण वाटावेत. दोघं वाढले अल्बर्टात, दोघं हार्वर्डला शिकले, दोघं पुढे ऑक्सफर्डला गेले. त्यावर कळस म्हणजे फ्रीलंडबाईंच्या मुलाचे कार्नी धर्मपिता. त्यामुळे माँट्रियालला २४ आणि २५ फेब्रुवारीला ज्या दोन वादसभा झाल्या त्यांत वाद असा झालाच नाही. निम्मा वेळ एकमेकांना दुजोरा देण्यात गेला. वादसभा कमी, हळदीकुंकू जास्त. तेव्हा वादसभा पाहून ठरवू म्हणणाऱ्यांनी फार आशा ठेवू नये.

आधी फ्रीलंडबाईंचं सांगतो, कारण डिसेंबरपर्यंत माझं मत त्यांचंच होतं.

४ मार्च २०२५ ला अमेरिकेने कॅनडाच्या मालावर २५ टक्के आयातशुल्क लावलं, ओटावातल्या आपल्या सरकारने त्याच दिवशी उलट शुल्क लावलं, त्यात संत्र्याचा रस आणि पीनट बटरसुद्धा होतं. अशा वेळी ट्रम्पसमोर बसून आलेला माणूस हवा असं वाटणं साहजिक आहे आणि या चौघांत तो अनुभव फक्त बाईंना आहे. २०१८ मध्ये नाफ्टा या अमेरिका-कॅनडा-मेक्सिको व्यापारकराराची फेरवाटाघाट चालू असताना त्या परराष्ट्रमंत्री होत्या. सप्टेंबरअखेरीस ट्रम्पने पत्रकार परिषदेत सांगून टाकलं होतं की कॅनडाची प्रतिनिधी आम्हाला फारशी आवडत नाही. चारच दिवसांत करार झाला. समोरच्या पार्टीला आपला माणूस आवडत नाही, ही घासाघीस करणाऱ्यासाठी मला तरी शिफारस वाटते. मी तेव्हा त्यांचा भक्तच झालो होतो. या वेळीही त्यांनी टेस्लाच्या गाड्यांवर आणि अमेरिकी दारूवर १०० टक्के शुल्क लावायचं बोलून दाखवलं. दम आहे बाईंच्यात.

फ्रेंचही त्यांचं बरं. फ्रेंच वादसभेत कार्नींची जीभ घसरली आणि आपण सगळे हमासशी सहमत आहोत असं भलतंच काहीतरी त्यांच्या तोंडून गेलं. बाईंनी तिथल्या तिथे सावरून घेतलं. प्रतिस्पर्ध्याला असं सावरणं मला आवडलं. क्वेबेकमधला मतदार मात्र ही घसरण विसरणार नाही, आणि क्वेबेकशिवाय लिबरलांचं गणित जुळत नाही. तुमच्यासाठी हाच मुद्दा मोठा असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

माझं बिनसलं ते मात्र फरसाणावरून.

२१ नोव्हेंबरला सरकारने करसुट्टी जाहीर केली, आठवत असेल. १४ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी, दोन महिने ठराविक वस्तूंवर जीएसटी नाही. आमच्या ओंटारिओ प्रांतात तर पूर्ण १३ टक्के एचएसटी, म्हणजे केंद्राचा आणि प्रांताचा एकत्र विक्रीकर, माफ. गिऱ्हाइकाला छान वाटलं. पण काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाचं काय झालं ते कुणी विचारलं नाही.

आमच्या दुकानात वस्तूंचे हजारभर कोड आहेत. इथली करपद्धत मुळातच गमतीची. साध्या काजूवर कर नाही, त्यालाच मीठ लावलं की कर. सुट्या नानकटाया पाच घेतल्या तर कर, सहा घेतल्या तर नाही. हे आम्ही इतक्या वर्षांत पाठ केलेलं. आता त्यावर नवा थर आला: फरसाण, चिवडा, खारे काजू, थंड पेयं, गरम समोसे यांचा कर काढायचा, उदबत्ती, साबण, खोबरेल तेल यांचा ठेवायचा, १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचा काढायचा. पाळण्यावर टांगायचं खेळणं एकवेळ समजतं, पण पत्त्यांचा कॅट लहान मुलांचा की काकांच्या रमीचा हे मी कसं ठरवणार? १३ डिसेंबरच्या शुक्रवारी रात्री मी आणि माझा मुलगा दुकान बंद करून बिलाच्या मशीनसमोर बसलो. नाताळचा हंगाम, वर्षातला सगळ्यात गर्दीचा शनिवार सकाळी यायचाय, आणि आम्ही एकेका कोडचा कर बदलतोय. पहाटे तीनला संपलं. सकाळी पहिल्याच गिऱ्हाइकाने बाकरवडीवर कर का लावला म्हणून भांडण काढलं, आणि त्याचं बरोबर होतं. बाकरवडी राहून गेली होती.

हे विधेयक अर्थखात्याचं. अर्थमंत्री फ्रीलंडबाई.

सोमवारी, १६ डिसेंबरला, सकाळी गल्ला लावताना बातमी आली की बाईंनी राजीनामा दिला. त्याच दिवशी त्या संसदेत अर्थव्यवस्थेचं निवेदन मांडणार होत्या, ज्यात तुटीचा आकडा ६१.९ अब्ज डॉलर निघाला. राजीनाम्याच्या पत्रात त्यांनी लिहिलं की आपल्याला न परवडणाऱ्या महागड्या राजकीय क्लृप्त्या टाळायला हव्यात. करसुट्टीचं नाव घेतलं नाही, पण रोख कुठे होता ते शाळकरी पोरालाही कळलं असतं.

शनिवारी क्लृप्ती लागू झाली, सोमवारी ती क्लृप्ती असल्याचं कळलं. मधल्या रविवारी मी बाकरवडी दुरुस्त केली होती.

आमच्या सौ.चं म्हणणं वेगळं आहे. मंत्रिमंडळात असताना सगळ्यांनी एका सुरात बोलायचं असतं, बाईंना आतून पटत नव्हतं, आणि पटत नाही म्हणून उपपंतप्रधानपद सोडून जाणं ही हिंमत आहे. तुला तुझ्या मशीनचं पडलंय. यातलं पहिलं मला मान्य आहे. दुसरंही बरंचसं. त्या पत्राने ट्रुडोंचं जाणं अटळ केलं, ते दुसऱ्या कुणाला जमलं नव्हतं. पण मग मी नीट पाहायला लागलो आणि तोच धागा इतरत्रही दिसला. ग्राहकांवरचा कार्बन कर वर्षानुवर्षं त्यांनी सरकारच्या वतीने लढवला, आता म्हणतात काढून टाकू. भांडवली नफ्यावरचा वाढीव कर गेल्या एप्रिलच्या त्यांच्याच अर्थसंकल्पातला, तोही आता नको. मत बदलू नये असं नाही. लोकांचं ऐकून बदललं तर चांगलंच. पण दुकानदाराच्या सवयीने मला वाटतं, काल छातीठोक विकलेला माल आज परत घेताना निदान "चुकलंच माझं" एवढं तरी म्हणावं.

कार्नींनी कार्बन कराबाबत कोलांटी मारली नाही असं मात्र समजू नका. कार्बनवर किंमत लावावी याचे ते जुने पुरस्कर्ते, आणि आता तेही ग्राहकांवरचा कर काढून त्या जागी प्रोत्साहन योजना आणायचं म्हणतात. एवढंच की तो कर त्यांनी काउंटरवर उभं राहून विकला नव्हता.

कार्नींची कारकीर्द सांगत बसत नाही. २००८ च्या आर्थिक संकटात बँक ऑफ कॅनडाचे गव्हर्नर, मग २०१३ ते २०२० बँक ऑफ इंग्लंडचे, तेही १६९४ पासूनच्या इतिहासात पहिले बाहेरचे. मला त्यांची एक गोष्ट भावली, आणि ती सहसा कुणी बोलत नाही. ते म्हणतात, सरकारचा रोजचा खर्च वेगळा मांडू आणि भांडवली खर्च वेगळा. रोजचा खर्च तीन वर्षांत उत्पन्नात बसवू, कर्ज काढायचं ते उभारणीसाठी. अहो, हे तर प्रत्येक दुकानात चालतं. भाडं, पगार, वीज गल्ल्यातून भागलं पाहिजे. मोठा फ्रीज घ्यायचा तर कर्ज काढा. माझे वडील सांगलीला वहीत हेच दोन रकान्यांत लिहायचे. आता यातही मेख मारता येते, हे मला कळतं. उद्या कुठलाही खर्च भांडवली आहे म्हणून दुसऱ्या रकान्यात सरकवला तर कोण विचारणार? पण निदान दोन रकाने असावेत हे सुचलेला उमेदवार मला एवढाच दिसला.

त्यांच्याबद्दल दोन गोष्टी खटकतात. एक, ज्या ब्रुकफिल्ड या गुंतवणूक कंपनीचे ते अध्यक्ष होते तिचं मुख्यालय टोरांटोहून न्यूयॉर्कला हलवण्याबद्दल विचारल्यावर ते म्हणाले की औपचारिक निर्णय मी बाहेर पडल्यानंतर झाला. पण भागधारकांना तशी शिफारस करणारं १ डिसेंबरचं पत्र त्यांच्याच सहीचं निघालं. वकिलाच्या भाषेत उत्तर बरोबर असेल. गिऱ्हाइकाला असं उत्तर दिलं तर ते परत येत नाही. हेही काउंटरवरचंच तत्त्व आहे, तेव्हा ते बाईंना लावायचं आणि यांना नाही, असं मी करतोय का, हा प्रश्न मलाही पडला. थोडंसं करतोय बहुतेक.

दुसरं म्हणजे मार्च २०२५ पर्यंत हा माणूस आयुष्यात एकही निवडणूक लढला नव्हता, खासदारही नव्हता. आपल्याकडे सभागृहाबाहेरच्या माणसाला मंत्री-मुख्यमंत्री केलं तर सहा महिन्यांत निवडून यावं लागतं. इथे तशी लेखी मुदत नाही, फक्त प्रथा आहे. मिल्टनचे एक काका इथे १९८० पासून आहेत, ते लगेच जॉन टर्नरचं उदाहरण देतात: १९८४ च्या उन्हाळ्यात टोरांटोच्या बे स्ट्रीटवरून, म्हणजे पेढ्या-बँकांच्या गल्लीतून, आले, खासदारकी नसताना पंतप्रधान झाले, सप्टेंबरात पक्ष ४० जागांवर आला. काकांचं बोलणं उडवून लावण्यासारखं नाही. पण तेव्हा शेजारचा माणूस कॅनडाला ५१वं राज्य म्हणत नव्हता.

करीना गूल्डबद्दल थोडं. नावावरून मंडळात जे विनोद व्हायचे ते झालेत. ३७ वर्षांच्या, बर्लिंग्टनच्या, म्हणजे आमच्या शेजारच्याच. दिवसाला दहा डॉलरच्या पाळणाघराचा केंद्राशी करार ओंटारिओने सगळ्यात शेवटी, मार्च २०२२ मध्ये केला तेव्हा त्या खात्याच्या मंत्री त्याच होत्या, आणि माझ्या भाचीचं महिन्याचं बिल तेव्हापासून निम्म्याच्या खाली आलं. वादसभेतही सगळ्यांत सरळ बोलल्या. मी जवळजवळ त्यांना पहिली पसंती देणार होतो. मग त्यांचा जाहीरनामा वाचला: जीएसटी एका वर्षासाठी ५ वरून ४ टक्के. एका वर्षासाठी! म्हणजे मशीन दोनदा. मी वेबपान बंद केलं.

फ्रँक बेलिस उद्योजक आहेत, सज्जन वाटतात, दोन पाइपलाइन बांधा म्हणतात. चौथ्या जागेसाठी कुणीतरी लागतंच.

तर माझा क्रम असा लागला: कार्नी, फ्रीलंड, गूल्ड, बेलिस. बाईंना दुसरी पसंती मनापासून दिलीय, वॉशिंग्टनला जायची वेळ येईल तेव्हा त्या खोलीत असाव्यात असं मला वाटतं, फक्त अर्थखातं पुन्हा नको. तुमचं दुकान नसेल आणि १४ डिसेंबरला तुम्ही काउंटरच्या पलीकडे आनंदाने उभे असाल, तर तुमचा क्रम उलटा लागू शकतो आणि मी भांडणार नाही. आमच्या सौ.ने फ्रीलंड पहिली, कार्नी दुसरा लावलाय. एका घरातून दोघांचंही काम झालं.

कुणालाही द्या, पण मतदानासाठी ओळख पटवायचं काम आधी उरकून घ्या. फोनवर करत असाल तर उजेडात बसा. मला चेहऱ्याचा फोटो चार वेळा काढावा लागला, शेवटी चश्मा काढल्यावर जमलं. आणि शेवटच्या दिवसावर, ९ मार्चच्या रविवारवर, ढकलू नका. त्याच पहाटे घड्याळं एक तास पुढे जातायत.