सर्टिफिकेटवरचा नोंदणी क्रमांक कशाचा, ते आधी बघा

माझ्या नणंदेनं नांदेडच्या एका संस्थेत 'होम हेल्थ केअर'चा, म्हणजे घरी जाऊन पेशंट सांभाळायचा, कोर्स केला. फी १८ हजार, बचत गटातून उचललेली. सर्टिफिकेट मात्र देखणं: वर अशोकस्तंभ, खाली लाल अक्षरांत 'भारत सरकार नोंदणीकृत' आणि लांबलचक क्रमांक.

ते घेऊन ती पुण्याला एका एजन्सीत गेली. तिथल्या मॅडमनी कागद बाजूला ठेवला न्‌ म्हणाल्या, "पेशंटला कुशीवर वळवून दाखव." हिला येईना. येणार कुठून? वर्गात खाटच नव्हती. सर वहीत बीपीची व्याख्या लिहून द्यायचे, बस्स. झोपून असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. लघवीची पिशवी कायम मूत्राशयापेक्षा खाली ठेवायची. भरवताना पाठ उंच करायची. एवढं तरी शिकवायला काय लागतं हो?

मग मी तो क्रमांक तपासला. निघाला 'उद्यम'चा! ही केंद्र सरकारकडची नोंदणी, पण छोट्यामोठ्या धंद्याची असते. ऑनलाइन, फुकट, स्वतःच माहिती भरून होते. पापड लाटणाऱ्या बाईलाही मिळते. कोर्सच्या मान्यतेशी तिचा काडीचा संबंध नाही. म्हणजे छापलेलं खोटंही नाही. पक्के लोक.

खऱ्या कोर्सचं नाव 'होम हेल्थ एड', कोड एचएसएस/क्यू५१०२, हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिल या आरोग्यक्षेत्रातल्या कौशल्य-शिक्षणाच्या संस्थेचा. त्याची परीक्षा शिकवणारे सर घेत नाहीत, बाहेरचा असेसर, म्हणजे परीक्षक, येतो. हिच्या सरांनी स्वतःच पेपर काढला, स्वतःच तपासला. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतून शिकलं तर मुलीला फी पडतच नाही. आणि हा कोर्स करून कुणी नर्स होत नाही. नर्सिंगच्या कोर्सांपैकी एएनएमला २ वर्षं, जीएनएमला ३ वर्षं लागतात, वर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. हिला 'सहा महिन्यांत सिस्टर' सांगितलं होतं.

पैसे मागायला गेलो तर पावती पुढं केली. तिच्यावर 'फी' नव्हतंच, 'ऐच्छिक देणगी' होतं. वर दहावीची मूळ मार्कशीट न्‌ टीसी अडकवलेली. पोलिसांत अर्ज दिला तशी कागदपत्रं निमूट हातात आली. पैशाचं अजून नाव नाही, गटाचा हप्ता मात्र दर महिन्याला जातोय.

पैसे भरतानाच पावतीवर कोर्सचं नाव आणि 'फी' असं लिहून घ्या. मूळ कागद कुणाकडं ठेवू नका, झेरॉक्स द्या.