जर्मनीत राहायचं कुठे: आपल्या पोरांत की वेगेत?

शिकायला आल्यावर आपल्या मराठी पोरांसोबत फ्लॅट घेतला की पहिला महिना निभावतो. कुकर असतो, गोडा मसाला असतो, पत्ता नोंदवायला सोबत कुणीतरी येतं. स्वयंपाक वाटून केला की ब्लॉक्ड अकाउंटमधले (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेलं, महिन्याला ठरावीकच रक्कम देणारं खातं) महिन्याचे ९९२ युरोही ताणता येतात. जर्मन मात्र 'डांके'च्या (धन्यवाद) पुढे सरकत नाही.

वेगे म्हणजे अनोळखी लोकांसोबतचं सामायिक घर. तिथे आधी मुलाखत (स्थळ बघायला आल्यासारखी!), मग फ्रिजवर पुट्झप्लान, म्हणजे साफसफाईच्या पाळ्यांचा तक्ता: या आठवड्यात संडास तुमच्याकडे. घरी कधी ब्रश न धरलेल्या मला, नळावरचा पांढरा थर व्हिनेगरने कसा निघतो हे तिथेच कळलं. रविवारी दुकानं बंद, हे रिकाम्या डब्याने शिकवलं.

माझं मत? पहिलं सेमिस्टर आपल्यांत काढा, मग वेगे शोधा. फक्त फोडणी देताना खिडकी उघडा. स्मोक अलार्मला मोहरीची ओळख नसते.