फ्रीलान्स कामांसाठी बोली लावायच्या साइटवर नऊ महिने: लेखनाचा दर आणि ती 'सरासरी बोली'

सहाव्या महिन्यात माझं बारा लेखांचं एक काम भांडणात संपलं होतं. त्या तक्रारीचं तिकीट साइटने गेल्या आठवड्यात 'निकाली' असा शिक्का मारून बंद केलं, म्हणून हे लिहायला बसले. साइटचं नाव घेत नाही. तिथे क्लायंट काम टाकतो आणि ते किती पैशांत करून देऊ हे आपण बोलीत लिहितो. कामाचा एक टप्पा आणि त्याचे ठरलेले पैसे म्हणजे माइलस्टोन.

काम संपलं त्या रात्री मी वही उघडून पहिल्यांदा नीट हिशेब मांडला. हजार शब्दांच्या लेखाला 20 डॉलर, म्हणजे बारांचे 240. साइटचं 10 टक्के कमिशन वजा जाता 216. एका लेखाला माहिती काढायला दीड तास, लिहायला अडीच, स्वतः तपासायला एक आणि क्लायंटशी निरोपानिरोपीला अर्धा. बारा लेखांचे 66 तास झाले. दुरुस्त्यांना प्रत्येकी दीड तास, म्हणजे आणखी 18. शिवाय हे काम मिळवण्याआधी ज्या बोल्या वाया गेल्या त्यांचा वेळ कुठे धरायचा? सहा महिन्यांत मी 64 बोल्या लावल्या होत्या, प्रत्येकीला साधारण वीस मिनिटं. ते झाले एकवीस तास वीस मिनिटं आणि कामं मिळाली पाच. म्हणजे प्रत्येक कामाच्या डोक्यावर चार तास फुकटचे. एकूण 88 तास. 216 ला 88 ने भागलं तर ताशी अडीच डॉलरही पडत नाहीत. आणि हे सगळे पैसे मिळाले असते तर! शेवटच्या चार लेखांचे अर्धेच पैसे सुटले, हातात आले 180.

भांडण दुरुस्त्यांवरून झालं. क्लायंटला तिसऱ्या फेरीत 'टोन' बदलून हवा होता, तोही लेख मंजूर केल्यानंतर. किती फेऱ्या करून देईन हे मी बोलीत लिहिलंच नव्हतं. सपोर्टकडून चार वेळा उत्तर आलं, चारही वेळा तोच मजकूर. करारात फेऱ्यांची संख्या नाही, सबब दोघांनी आपसात मिटवावं. संख्या लिहिली नाही ही चूक माझी, मान्य आहे. पण मंजूर झालेल्या लेखाचे पैसे अडवायला परवानगी कशी मिळते, या प्रश्नाला आजतागायत उत्तर आलेलं नाही.

आता मुख्य मुद्दा. माझा सगळा राग बोलीच्या चौकटीच्या वर दिसणाऱ्या एका ओळीवर आहे: 'या कामावरील सरासरी बोली'. मी 20 डॉलर का मागितले? कारण तिथे 22 दिसत होते. माझे तास, माझी गरज, विषयाची खोली, काहीही न मोजता मी त्या आकड्याच्या दोन पावलं खाली जाऊन उभी राहिले. पहिल्या सहा महिन्यांतल्या पाचही कामांचा दर असाच ठरला.

आधी दिसलेल्या आकड्याकडे आपला अंदाज ओढला जातो, या परिणामाला नाव आहे, अँकरिंग. अमोस ट्व्हर्स्की आणि डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी 1974 साली त्यावर लिहिलं. 0 ते 100 आकड्यांचं एक चक्र लोकांसमोर फिरवायचं, ते मुद्दाम 10 वर किंवा 65 वर थांबेल असं केलेलं. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? 10 पाहिलेल्यांच्या उत्तरांचा मध्य 25 आला, 65 पाहिलेल्यांचा 45. चक्राचा प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता. इथे तर तो आकडा कामाचाच भाव असल्यासारखा समोर ठेवलेला असतो. शिवाय काम झळकल्यावर मिनिटभरात येणाऱ्या, वर्णन न वाचता टाकलेल्या बोल्याही त्यात मोजल्या जातात.

मी स्क्रीनच्या त्या जागी पिवळ्या चिठ्ठीची पट्टी चिकटवली. बोली लावायला बसले की पट्टी लावायची, आकडा भरून झाला की काढायची. हा उपाय अजून चालू आहे.

मग दर कसा ठरवते? ताशी 12 डॉलर हातात पडायला हवेत, हे घरच्या खर्चावरून काढलं. महिन्याचा खर्च भागिले खरोखर पैसे मिळतात तेवढेच तास. बोल्या आणि हिशेब यांचे तास त्यात धरायचे नाहीत. लेखाला दुरुस्त्यांसह सात तास, म्हणजे 84 डॉलर. यापुढे बरेच जण चुकतात, मीही चुकत होते. 84 मध्ये 10 टक्के मिळवून 92.40 मागायचे नाहीत, 84 ला 0.9 ने भागायचं. उत्तर 93.33. कमिशन मोठं असेल तर फरक जास्त जाणवतो: 20 टक्के कापून 100 हातात हवे असतील तर 120 नाही, 125 मागावे लागतात.

साइट बदलली की हे गणितही बदलतं. फायव्हर 20 टक्के घेतं. फ्रीलान्सर डॉट कॉम ठरीव रकमेच्या कामावर 10 टक्के किंवा 5 डॉलर, यातलं जे जास्त असेल ते घेतं. म्हणजे 20 डॉलरच्या कामात पाव हिस्सा गेला. अपवर्कवर एके काळी एकाच क्लायंटकडून जसजशी कमाई वाढे तसा हिस्सा 20 वरून 10 आणि मग 5 टक्क्यांवर येई. 2023 मध्ये तो सरसकट 10 झाला, 2025 पासून कामागणिक 0 ते 15 टक्के आहे. बोली लावण्याआधी तो आकडा वाचायचाच.

तासावरची कामं घ्या, असं मी आधी सगळ्यांना सांगत होते. ते आता मागे घेते. आमच्या साइटचा ट्रॅकर दर दहा मिनिटांत एकदा स्क्रीनचा फोटो काढतो आणि कीबोर्ड किती हलला ते मोजतो. लेखनातला निम्मा वेळ मी खिडकीबाहेर बघत वाक्य जुळवत असते. तो वेळ ट्रॅकरला रिकामा दिसतो. दोन कामांनंतर उगाच टाइप करून पुसायची सवय लागायला लागली, तेव्हा थांबवलं. ठरीव रक्कमच मागते, पण आत हिशेब तासांचा. बोलीत दोन वाक्यं ठरलेली असतात: दुरुस्तीच्या दोन फेऱ्या धरलेल्या आहेत, पुढची फेरी वेगळ्या पैशांची, पहिला माइलस्टोन एकाच लेखाचा.

95 डॉलरचा आकडा पहिल्यांदा भरला तेव्हा हात थबकला होता. गेल्या तीन महिन्यांत 19 बोल्या लावल्या, तीन कामं मिळाली. एक काम हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या मदतपानांचं. त्या बाईंनी दराबद्दल अवाक्षर काढलं नाही. पहिला प्रश्न विचारला, "वाचणारा नवखा आहे असं धरू की अकाउंटंट?" सहा महिन्यांत हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता. त्यांचं तिसरं पान परवा मंजूर झालं, एका फेरीत.

हे लिहिता लिहिता सरासरीच्या ओळीबद्दल माझं मत थोडं मवाळ झालं आहे. पट्टी काढल्यावर दिसणारा आकडा माझ्या आकड्याच्या चौथाईखाली असेल तर मी बोली पाठवतच नाही. तिथे घासाघीस सोडून काही होणार नसतं आणि माझी वीस मिनिटं वाचतात. म्हणजे ओळ ठेवा, पण आपला आकडा भरल्यानंतरच दिसू दे. ही सूचना मी साइटला तीनदा पाठवली. पोच आली, उत्तर नाही.

वार्षिक सदस्यत्व संपायला तीन महिने आहेत. तोपर्यंत सपोर्टमध्ये माझी तक्रार खरोखर वाचणारा माणूस भेटला नाही तर ते वाढवणार नाही. फुकटच्या खात्यावर महिन्याला जेवढ्या बोल्या मिळतात, तेवढ्या मला पुरतील.