घरात फायबर घ्यायचंय: जिओ, एअरटेल, बीएसएनएल की गल्लीतला केबलवाला?

"कुठल्या कंपनीचं नेट चांगलं?" असं विचारलं की दहा जण दहा नावं सांगतात, आणि दहाही जण खरंच बोलत असतात. एकाच कंपनीची लाइन एका सोसायटीत वर्षभर हलत नाही आणि रस्त्यापलीकडच्या सोसायटीत आठवड्यातून दोनदा जाते. शहराच्या केंद्रापासून तुमच्या भागापर्यंतची मोठी केबल बहुतेकांची बऱ्यापैकी सांभाळलेली असते. घोळ होतो तो शेवटच्या तीन-चारशे मीटरमध्ये: खांबावरून, झाडाच्या फांदीवरून, गच्चीवरून, डक्टमधून तुमच्या हॉलपर्यंत येणाऱ्या त्या काळ्या चपट्या ड्रॉप केबलमध्ये. ती कोणी ओढली, जोड कसा दिला आणि तुटली की कोण येणार, हे आधी विचारायचं. कंपनीचं नाव त्यानंतर.

आधी बघा, फायबरच आहे ना

"फायबर" या नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. खरी फायबर म्हणजे काचेची तार थेट घरात येते आणि ओएनटी नावाच्या, तारेतल्या प्रकाशाचं नेट करणाऱ्या डब्यात हिरव्या टोकाच्या कनेक्टरने बसते. दुसऱ्या प्रकारात फायबर फक्त गच्चीपर्यंत किंवा जिन्याखालच्या पेटीपर्यंत येते. तिथे स्विच, म्हणजे एका लाइनीच्या अनेक लाइनी करणारा डबा असतो आणि पुढे घरापर्यंत निळी किंवा करडी लॅन वायर. वेग तोच दिसतो, पण त्या स्विचला वीज लागते. इमारतीची वीज गेली की तुमचा इन्व्हर्टर चालू असूनही नेट बंद. वळवाच्या पावसात विजा कडाडल्या की तांब्याच्या वायरमधून झटका येऊन स्विचचे पोर्ट जळतात, कधी राऊटरचाही जळतो. काचेच्या तारेतून वीज वाहत नाही. ड्रॉप केबलमध्ये आधारासाठी असलेली पोलादी तार मात्र घरात शिरण्याआधी सोलून वेगळी करायला सांगा.

तिसरा प्रकार एअरफायबर. नावात फायबर असलं तरी हे टॉवरवरून येणारं ५जी आहे. एअरटेलने ते ऑगस्ट २०२३ मध्ये आणि जिओने सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू केलं. जिथे तार पोचतच नाही तिथे ते उपयोगाचं आहे. पण टॉवरची क्षमता आसपासच्या सगळ्या मोबाइलवाल्यांमध्ये वाटली जाते, संध्याकाळी वेग खालीवर होतो आणि अपलोड कमीच मिळतं. दारात खरी फायबर येत असेल तर एअरफायबर घेऊ नका.

खात्री करायची सोपी रीत: ज्याच्याकडे ती जोडणी आधीपासून आहे अशा शेजाऱ्याच्या घरी जाऊन डब्यात नेमकी कुठली तार शिरते ते डोळ्यांनी बघा.

चौघे समोरासमोर

जिओने घरगुती फायबर सेवा ५ सप्टेंबर २०१९ ला व्यावसायिक पातळीवर सुरू केली. इमारत बांधतानाच किंवा कमिटीच्या परवानगीने शाफ्टमधून मजल्यामजल्यावर पेट्या बसवलेल्या असतील, तर ही जोडणी फार सुटसुटीत होते: पेटीपासून घरापर्यंत दहा-पंधरा मीटरची तार, बस्स. डबा कंपनीचाच वापरावा लागतो. स्वतःचा राऊटर लावायचा तर तो त्या डब्याच्या मागे जोडायचा.

एअरटेलबद्दल एक प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका: "लाइन तुमची थेट आहे की स्थानिक भागीदाराची?" मोठ्या शहरांत कंपनीचं स्वतःचं जाळं आहे, पण अनेक लहान शहरांत ती स्थानिक केबलचालकांच्या भागीदारीत सेवा देते. भागीदार चांगला असेल तर काहीच बिघडत नाही, फक्त मग तुम्ही निवड कंपनीची नाही, भागीदाराची करत आहात.

बीएसएनएलचंही बऱ्याच ठिकाणी तसंच आहे. लाइन ओढणं आणि सांभाळणं खासगी भागीदाराकडे, बिलातला वाटा त्याला. फायदे मात्र वेगळे आहेत. जुना लँडलाइन नंबर फायबरवर चालू ठेवता येतो, जो कित्येक दवाखान्यांना, वकिलांना आणि घरातल्या ज्येष्ठांना जिवापाड हवा असतो. युजरनेम-पासवर्डने लॉगिन होत असल्यामुळे ओएनटी आणि राऊटर स्वतःचा घेता येतो. आणि तालुक्याच्या गावी जाऊन बसायला एक कार्यालय आहे. फोनवरच्या यंत्राशी बोलून थकलेल्या माणसाला याची किंमत कळते.

गल्लीतल्या केबलवाल्याची ताकद एकच, पण मोठी: तार तुटली की येणारा माणूस दोन गल्ल्या सोडून राहतो. रात्री दहाला फोन उचलतो, सकाळी शिडी घेऊन हजर होतो. कमकुवत बाजू दोन. पहिली म्हणजे वरून विकत घेतलेली क्षमता. अनेक स्थानिक चालक एक तार अनेक घरांत वाटणारी इपॉन यंत्रणा वापरतात, जिथे एका पोर्टवरच्या ३२ ते ६४ घरांना मिळून दोन्ही दिशांना सव्वा गिगाबिटची लाइन असते. जीपॉन या दुसऱ्या यंत्रणेत ती डाउनलोडला अडीच आणि अपलोडला सव्वा गिगाबिट असते. हा फरक सहसा जाणवत नाही, कारण सगळी घरं एकाच क्षणी पूर्ण वेग खेचत नाहीत. जाणवतं ते हे की ५०० ग्राहकांसाठी घेतलेल्या क्षमतेवर चालकाने १२०० ग्राहक चढवले, की रात्री साडेनऊला व्हिडिओ गरगरतो. दुसरी कमकुवत बाजू त्याच्या खोलीतला बॅटरी बॅकअप. चार तासांचं भारनियमन झालं तर त्याची यंत्रणा किती वेळ तग धरते, हे सरळ विचारा. उत्तर गोलमोल आलं तर समजून जा.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. काही भागांत दोन मोठ्या नावांच्या लाइनी एकच केबलवाला सांभाळतो, त्याच खांबांवरून, एकाच जुडग्यात. तिथे "एक बंद पडलं तर दुसरं असू दे" म्हणून दोन जोडण्या घेतल्या तर जेसीबीच्या एका फटक्यात दोन्ही जातात. दुसरी जोडणी घ्यायचीच असेल तर ती इमारतीच्या दुसऱ्या बाजूने, दुसऱ्या वाटेने येणारी हवी.

मायनस किती?

जोडणी चांगली की वाईट हे एका आकड्यात कळतं, आणि तो आकडा लाइनमनच्या हातातल्या मीटरवर असतो. त्याला विचारा: "पॉवर किती येते?" तो "मायनस एकोणीस" किंवा "मायनस पंचवीस" असं काहीतरी सांगेल. हे डीबीएममधलं, म्हणजे प्रकाशाच्या ताकदीचं मोजमाप आहे, आणि शून्यापासून जितकं लांब तितका प्रकाश क्षीण.

हिशेब असा चालतो. कंपनीच्या केंद्रातून साधारण +३ ने प्रकाश निघतो. ३२ घरांत वाटणारा स्प्लिटर त्यातले सुमारे १७ खातो. चार किलोमीटर तारेत दीड जातो, चार कनेक्टरांत मिळून एक-सव्वा. म्हणजे घरात −१७ च्या आसपास यायला हवं. ६४ घरांत वाटलं तर −२० ते −२१. नेहमीच्या ओएनटीची हद्द −२७ आहे. −२३ पर्यंत निर्धास्त राहा. −२५ किंवा −२६ असेल तर आज नेट चालेल, वेगही पूर्ण दिसेल, पण पहिल्या पावसात पेटीत पाणी शिरलं किंवा तार थोडी ताणली गेली की डब्यावर लाल दिवा लागून नेट जाईल. फायबरमध्ये बिघाड हळूहळू दिसत नाही. हद्द ओलांडेपर्यंत सगळं ठीक असतं, आणि मग एकदम काहीच नसतं.

पॉवर कमी असण्याची कारणं बहुतेक घराच्या जवळच सापडतात. खिडकीच्या चौकटीत तार काटकोनात दाबली गेलेली. हिरव्या कनेक्टरच्या जागी निळा घुसवलेला. हिरव्याचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ, त्यामुळे दोघांचं जमत नाही. टोकावर धूळ किंवा बोटाचा तेलकटपणा. आणि सर्वांत जास्त म्हणजे मशीनने न वितळवता हाताने बसवलेला फास्ट कनेक्टर. तो पाच मिनिटांत होतो म्हणून लाइनमनला प्रिय, पण काही महिन्यांत सैलावतो. स्प्लायसिंग मशीनने दिलेला जोड ०.१ डीबीपेक्षाही कमी खातो आणि वर्षानुवर्षं टिकतो. मशीन आणा असा आग्रह धरा, त्यासाठी एक दिवस थांबावं लागलं तरी चालेल.

पैसे आणि डेटा

जाहिरातीतल्या दरावर १८ टक्के जीएसटी चढतो हे लक्षात ठेवूनच तुलना करा. ३९९ चे ४७१ होतात, ४९९ चे ५८९, ६९९ चे ८२५, ७९९ चे ९४३ आणि ९९९ चे ११७९. स्थानिक चालक बहुधा करासकट रक्कम सांगतो, त्यामुळे त्याचे "सहाशे" हे कंपनीच्या "४९९" च्या जवळपासच असतात.

"अमर्याद" योजनांनाही मर्यादा असते. महिन्याला ३३०० जीबी हा या धंद्यातला रुळलेला आकडा आहे, त्यानंतर वेग उतरतो. दिवसाला ११० जीबी, म्हणजे तासाला ७ जीबी खाणारा ४के व्हिडिओ पंधरा तास. घरच्या वापराला पुरून उरेल. एअरफायबरच्या १००० जीबीत मात्र दिवसाला ३३ जीबीच येतात, पावणेपाच तास. आणि सीसीटीव्ही क्लाउडवर चढवणाऱ्यांनी नीट गणित मांडावं: एक कॅमेरा सतत २ एमबीपीएसने पाठवत असेल तर दिवसाला २१.६ जीबी, महिन्याला साधारण ६५० जीबी. चार कॅमेऱ्यांचे २६०० जीबी झाले.

वेग किती घ्यावा? चौघांच्या घरात दोघं घरून काम करत असतील तर १०० एमबीपीएस पुरतं. ३०० घेऊन पदरात ९४ च पडत असेल, तर दोष लाइनचा नसतो. ओएनटीचा किंवा राऊटरचा पोर्ट १०० चा असतो, किंवा लॅन वायरच्या चारपैकी दोनच जोड्या नीट बसलेल्या असतात. मोबाइलवर ४० च येत असेल तर तो २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर आहे. ५ गिगाहर्ट्झवर न्या, मग बोला.

बारा महिन्यांचं आगाऊ भरून दोन महिने फुकट मिळवण्याचा मोह पहिल्या दिवशी आवरा. एक महिना, मग तीन, आणि एक पावसाळा पार पडल्यावर वर्षाचं.

बाहेरून घरात शिरायचं असेल तर

बाहेरगावाहून थेट घरच्या डीव्हीआरवर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्यावर) किंवा सर्व्हरवर यायचं असेल तर स्वतंत्र सार्वजनिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा फक्त तुमचा पत्ता लागतो. जिओ आणि बहुतेक स्थानिक चालक एकच आयपीव्ही४ पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात, त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेली विनंती घरातल्या ठरावीक यंत्राकडे वळवणं, चालत नाही. राऊटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही त्या वाटपातच आहात. बीएसएनएल आणि एअरटेलकडे जादा शुल्क भरून स्थिर आयपी मागता येतो. कॅमेरा त्याच्याच ॲपवरून बघत असाल तर या परिच्छेदाची तुम्हाला गरज नाही.

वीज

इन्व्हर्टर नसेल तर १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस घ्या. ओएनटी आणि राऊटर एकाच डब्यात असेल तर तो सहा-आठ वॉट घेतो. १०,००० एमएएच लिहिलेल्या यूपीएसमध्ये ३७ वॉट-तास असतात, गळती धरून तीस. म्हणजे सुमारे चार तास. घेण्याआधी अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. ९ व्होल्टच्या राऊटरला १२ व्होल्ट दिले तर तो जळू शकतो.

मग कोणी काय घ्यावं

शाफ्टमध्ये पेट्या बसवलेल्या नव्या सोसायटीत राहत असाल तर जिओ किंवा एअरटेल, ज्याची पेटी तुमच्या मजल्यावर आहे ते. दोन्ही असतील तर आधी शेजाऱ्यांकडची पॉवर विचारा, दर नंतर बघा. जुन्या वाड्यात किंवा चाळीत, जिथे सगळ्या तारा गच्चीवरूनच येतात, तिथे खरी फायबर घरात आणून देणारा आणि बॅटरी ठेवणारा स्थानिक चालक सरस ठरतो. तालुक्याच्या गावी, जुना नंबर जपायचा असेल किंवा स्थिर आयपी हवा असेल तर बीएसएनएल. मात्र भागीदार कोण ते आधी शोधा आणि त्याच्या तीन ग्राहकांना भेटा. एकट्या राहणाऱ्या आई-वडिलांसाठी घेत असाल तर वेगाचा विचार सोडाच. जो माणूस घरी येऊन लाल दिवा बघेल, त्याचं घ्या.

जोडणीच्या दिवशी

तार ओढून झाल्यावर जादा तार कापू देऊ नका. पाच-सहा मीटर चहाच्या बशीएवढ्या वेटोळ्यात गुंडाळून ठेवा, पुढे टोक तुटलं तर नवी तार ओढायची वेळ येणार नाही. मीटरवरच्या आकड्याचा फोटो काढा. पुढच्या तक्रारीच्या वेळी "तेव्हा −१९ होतं, आता −२६ आहे" एवढं सांगितलं की वाद संपतो. तारेच्या उघड्या टोकात कधीही डोकावू नका, त्यातला लेझर दिसत नाही पण डोळ्याला इजा करतो. मग लॅपटॉप वायरने जोडून रात्री नऊ ते अकरादरम्यान मुंबईच्या सर्व्हरला ५०० वेळा पिंग करा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघा. पुण्या-मुंबईत १० मिलिसेकंदांच्या आत आणि नागपुरात १५ ते २५ यायला हवं, आणि पाचशेपैकी एक-दोनहून जास्त हरवू नयेत.

लाल दिवा लागला तर डबा बंद-चालू करून बघा, हिरवा कनेक्टर घट्ट आहे ना ते तपासा, आणि तेवढ्यावर थांबा. तक्रार करा आणि क्रमांक लिहून ठेवा. त्या क्रमांकावर काम झालं नाही तर कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि तिथेही अडलं तर केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभाग निवडून. क्रमांक नसेल तर यातलं काहीच पुढे सरकत नाही. जोडणी सोडताना डबा परत दिल्याची पावती घ्या, अनामत रक्कम त्याच कागदावर परत मिळते.