आठ महिने क्लिनिकल सुपरव्हिजन: तास ५० मिनिटांचा, पैसे पूर्ण तासाचे

मी काउन्सेलर आहे; माझ्या केसेस एका अनुभवी थेरपिस्टसमोर मांडून तपासून घेते, त्यालाच क्लिनिकल सुपरव्हिजन म्हणतात. परवा त्याच्या रिन्यूअलचा मेसेज आला आणि मी हिशेब मांडला. महिन्याला दोन, म्हणजे १६ सेशन्स, दर १,२०० रुपये 'प्रति तास'. तास ५० मिनिटांचा. माझी १६० मिनिटं गेली, म्हणजे तीन सेशन्स आणि वर दहा मिनिटं चिल्लर. संस्थेला विचारलं तर म्हणे, 'क्लिनिकल अवर असाच असतो.' असतो हो! मीही इंदुरात क्लायंटला तेवढाच देते, पण फीच्या कागदावर ५० मिनिटं असं लिहिते.

पहिले दोन महिने वाटलं, सुपरव्हायझर बाई शिकवतच नाहीत. मी विचारायचे, "मॅडम, या मुलाला आता काय सांगू?" त्या म्हणायच्या, "आधी तुम्हाला काय होतंय ते सांगा." बर्नार्डचं १९७९ चं डिस्क्रिमिनेशन मॉडेल मी घोकलेलं: सुपरव्हायझर कधी शिक्षक, कधी काउन्सेलर, कधी कन्सल्टंट. मला शिक्षकच हवा होता, पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात.

मत फिरलं ते रेकॉर्डिंगमुळे. क्लायंटची लेखी संमती घेऊन सेशन टेप करायचं आणि दोघींनी ऐकायचं. पहिल्या चार टेपवर नुसती पंख्याची घरघर. पाचव्या वेळी भर मे महिन्यात पंखा बंद ठेवला, दोघंही घामाघूम. टेपवर मुलगा म्हणतो, 'घरी काय सांगू?' आणि गप्प होतो. दोन सेकंदही नाहीत, तोवर मी सुरू, 'अरे, सगळं नीट होईल.' मॅडमनी टेप थांबवली. "इथे गप्प बसणं कोणाला जड गेलं?" त्याही गप्प राहिल्या. मी घड्याळाकडे पाहून म्हटलं, "पुढे जाऊ या का, वेळ संपतोय." त्या हसल्या. मग माझ्या लक्षात आलं. क्लायंटसोबत जे घडतं तेच सुपरव्हिजनमध्ये पुन्हा घडतं, त्याला पॅरलल प्रोसेस म्हणतात; त्यावर मी परीक्षेत पानभर लिहून आले होते.

बाबांच्या आजारपणाचा विषय निघाला तेव्हा मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं, "हे तुमच्या थेरपिस्टकडे न्या." बरोबरच आहे, पण तो खर्च वेगळा.

एका क्लायंटच्या जिवाला धोका वाटला तेव्हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मी दिलाच होता, तरी हात थरथरत होते. मॅडमनी रात्री फोन उचलला, ४० मिनिटं बोलल्या, पैसे घेतले नाहीत. तेवढी वजा केली तरी माझी १२० उरतात. पुढचे सहा महिने भरलेत. पावतीवर '५० मिनिटं' लिहा असा मेल टाकलाय, अजून उत्तर नाही.